पायाचा कागद

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. ओसरीवर बसला आहात आणि समोर उकिडवा बसलेला एक माणूस तुमच्या पायात बूट कोंबतो आहे. बूट नवा कोरा, पांढराशुभ्र, कडेला निळी पट्टी. पण टाच बाहेरच राहते आहे. माणूस म्हणतो, "बोटं आखड थोडी." तुम्ही आखडता. तो म्हणतो, "अजून." आता समजा, तो माणूस तुमचा बाप आहे आणि तुम्ही त्याला तीन वर्षांनी पाहता आहात.

असोद्याच्या चारूला हे समजावं लागलं नाही. बूट तिच्याच पायात होता.

"नाही जात, नाना."

"जाईल. कापड आहे, ताणतं."

तिनं दात आवळले. बोटांची कांडी दुखत होती, आणि त्याहून जास्त दुसरं काहीतरी दुखत होतं.

लीलाधर त्याच सकाळी भुसावळला उतरला होता. मस्कतला तो क्रेन चालवायचा. कंपनीचे साहेब इंग्रज, त्यामुळे काम बंद व्हायचं ते नाताळात. दिवाळीला नाही की आखाजीला नाही. पहिली दोन वर्षं तेवढीही रजा मिळाली नाही. यंदा बारा दिवसांची मिळाली होती. म्हणून अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती, आणि ती उलटवता उलटवता त्याचा धाकटा भाऊ भटू म्हणाला,

"त्याहिचा देव जन्मले आला म्हणून आपल्याले भाऊ दिसला! त्याच्या नावानं एक नारळ फोडा रे."

हसला तो एकटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं गॅदरिंग होतं. लेझमीच्या पहिल्या रांगेत चारू होती, आणि गुरुजींनी सगळ्यांना पांढरे बूट सांगितले होते. दिवाळीतच आई म्हणाली होती, जळगावातून घेऊ. चारूनं घेऊ दिले नव्हते. 'माझे नाना आणणार आहेत' हे तिनं वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं, की मुली तिला 'मस्कतवाली' म्हणून चिडवायला लागल्या होत्या.

"मापानंच आणले गं," लीलाधर म्हणाला. "दुकानदारासमोर कागद ठेवला, वर बूट ठेवून पाहिला. हे पाहाय."

त्यानं पासपोर्टच्या कव्हरातून वहीचा एक कागद काढला. घड्यांवर तो इतका विरला होता, की मागून चिकटपट्ट्या लावल्या होत्या. कागदावर पेन्सिलीनं काढलेलं एक पाऊल होतं. पावलाची रेघ बोट फिरवून फिरवून पुसट झाली होती. कोपऱ्यात आईचं वाकडं अक्षर: 'चारू, दिवाळी १९८४'.

चारूनं ते वाचलं. तिचे कान तापले.

"हा तर जुना आहे."

"तुझाच आहे ना?"

"दरवर्षी नवा काढून पाठवला मी. पंच्याऐंशीत, शहाऐंशीत. यंदाच्या श्रावणातबी पाठवला. पोचला नाही?"

"पोचला."

"मग?"

लीलाधर बुटाची नाडी सैल करू लागला. ती आधीच सैल होती.

"मले वाटलं, तुझ्या आईनं पेन्सिल लांबून फिरवली. एवढा मोठा पाय कसा होईल..." त्यानं हाताची वीत आखडून दाखवली. "एवढासा तर होता."

"आईनं नाही फिरवली, मी फिरवली!" चारूचा आवाज चढला. "टाच भिंतीला लावून. पेन्सिलीला टोक करून. पहिला हलला म्हणून दुसऱ्यांदा काढला. आणि तुम्हाले वाटलं!"

अंगणात सुगंधा, चारूची आई, सोललेली वांगी लाकडी भांड्यात ठेचत होती. तिचं मुसळ थांबलं.

"पोरीनं धाडलेलं खरं धरायचं नव्हतं, तर मागवायचं तरी कशाले?" ती मान वर न करता म्हणाली, आणि मुसळ आधीपेक्षा जोरात पडू लागलं.

लीलाधर उठला. "चल. भटूची मोटरसायकल घेऊ. तासाभरात जळगावातून दुसरे आणू."

"नको."

"अगं, दुकानं उघडी असतील अजून."

"नको म्हटलं ना. हेच घालीन."

"घ्या!" भटू म्हणाला. "बाप तसा, लेक तशी. दोघांले ऐकू येत नाही."

चारू घरात गेली ती आईच्या शिवणयंत्राच्या खणातली कात्री घेऊनच बाहेर आली. कोणाला काही कळायच्या आत तिनं बुटाच्या पुढच्या तोंडात कात्री घातली.

"चारे! नवा कोरा बूट आहे तो!" सुगंधा ओरडली.

कापड जाड होतं. कात्री चावत होती, सरकत नव्हती. लीलाधरनं हात पुढे केला.

"सोडा. मी कापते."

एक झाला, मग दुसरा. मग तिनं पाय घातले. टाचा आत बसल्या, आणि पुढून बोटं बाहेर आली. बुटाच्या तळाच्याही पुढे, चांगली इंचभर. ती तशीच ओसरीवर उभी राहिली.

लीलाधरनं तिच्या पायांकडे पाहिलं. मग ओसरीवर पडलेल्या कागदाकडे, मग पुन्हा पायांकडे. मग त्यानं खिशातलं पेन काढलं आणि इकडे तिकडे कोरा कागद शोधू लागला.

"थांब. आता मीच काढतो. नीट."

"आज नको," चारू म्हणाली. "जायच्या दिवशी काढा. तोवर अजून वाढेल."

त्यानं पेन खिशात ठेवलं. जेवताना कळण्याच्या भाकरीचा तुकडा त्याच्या हातात किती तरी वेळ तसाच राहिला.

सकाळी शाळेच्या पटांगणात, परदेशातून आलेला माणूस म्हणून गुरुजींनी लीलाधरला अगदी पुढची खुर्ची दिली. हलगी वाजू लागली. चारूच्याच रांगेतून एक खसखस पिकली; कोणीतरी म्हणालं, "मस्कतवालीचे बूट पाहा!" चारूनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती मोजत होती.

त्या लेझमीत चौथ्या ठोक्याला सगळ्या मुली एक पाऊल मागे घेतात. महिनाभर गुरुजींनी तेच घोकून घेतलं होतं. चौथा ठोका पडला. सगळी रांग मागे गेली.

चारूनं आपलं पाऊल पुढे टाकलं, नानांच्या खुर्चीसमोर, आणि तिथेच ठेवलं.