कोपऱ्यातला आकडा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या कळफलकावरची निम्मी अक्षरं झिजली आहेत, पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो. पण गणित पक्कं आहे! तरीही त्या सकाळचा धक्का मी अजून विसरलेलो नाही.

मी एका इंजिनीअर बाईंच्या कार्यालयात आलो तेव्हा कोरा करकरीत होतो. इमारतीच्या सांगाड्याचे, म्हणजे खांबांचे आणि तुळयांचे, बाई माझ्यात लहान लहान तुकडे करत. कोणता तुकडा किती ताठ, त्यावर भार किती, हे सांगितलं की मी सगळी समीकरणं एकदम सोडवायचो आणि तुळई कशी वाकेल याचं चित्र काढायचो. खरा वाक अगदी किंचित असतो. तो दिसावा म्हणून मी चित्र फुगवतो आणि किती पट फुगवलं तो आकडा कोपऱ्यात बारीक लिहितो. शंभरपट, कधी दोनशेपट. चित्र पाहून कोणी दचकलं की बाई हसायच्या. "घाबरू नका हो, आमच्या गुणी बाळाला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे."

पुढे पुढे तो आकडा कोणी वाचेनासंच झालं.

बाईंचे थोरले भाऊ बांधकामाचे ठेकेदार. ते एका क्रीडागृहात प्रेक्षकांसाठी लोखंडी गॅलरी उभारत होते. एकदा येऊन म्हणाले, "छकुले, तो मधला खांब काढून टाक गं, खेळ बघताना आडवा येतो." बहिणीचे केस पिकले तरी त्यांना ती छकुलीच! बाईंनी खांब काढला. मी गणित सोडवलं. चित्रात तुळई नेहमीसारखीच जराशी वाकलेली दिसली. बाईंनी ओझरतं पाहिलं आणि नकाशा पाठवून दिला.

कोपऱ्यात मी लिहिलं होतं, एकपट.

म्हणजे मी काहीच फुगवलं नव्हतं! तुळई खरोखर तेवढी वाकणार होती. मी हादरलो. पण मला तोंड कुठे आहे?

गॅलरीच्या पत्र्यावर काँक्रीट ओतायला सुरुवात झाली, त्याच सकाळी बाईंनी ते चित्र छापायला उघडलं. त्यांची नजर कोपऱ्यात गेली. चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फोन लावला.

"दादा, सगळ्यांना खाली उतरव!"

"अगं, निम्मं काँक्रीट ओतून..."

"आधी उतरव! तूही उतर!"

फोनमधून दादांची आरोळी ऐकू आली, मग धावणारी पावलं. मग कडाडकन आवाज झाला आणि पुढे काहीच ऐकू येईना. बाई नुसत्या "दादा, दादा" करत राहिल्या.

"छकुले," शेवटी आवाज आला, पण तो दादांचा वाटेना. "सगळे खाली आहेत. गॅलरीसुद्धा."

दुपारी दादा आले. माझ्यासमोर बसून त्यांनी कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. सिमेंटचा तो ठसा माझ्या काचेवर अजून आहे. बाई बाकीची काच पुसतात, तेवढा भाग सोडून देतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण मी कोपऱ्यात बारीक लिहिलेलं तेवढं वाचत जा. मला ओरडता येत नाही.