हवालदाराचा डावा कान

शिंपीकाका तिच्या फ्रेमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या काखेत चादरीत गुंडाळलेली एक चौकट होती. तिने मापावरूनच ती ओळखली.

"खिळा निसटला गं. सरळ खाली मशीनवर. काच तडकली," काका म्हणाले. "आता तरी बदलशील ना?"

त्या 'आता तरी'मध्ये चाळीस वर्षं होती. चाळीस वर्षं या एका फ्रेमची काच बदलायची टाळाटाळ चालली होती. आधी तिच्या बाबांनी केली, ते गेल्यावर तिने. आत चिलट शिरलं, काच धुरकट झाली, काकांनी दहादा सांगून पाहिलं. पण कधी हवा दमट असायची, कधी त्या मापाची काच संपलेली असायची. आणि हे सांगताना मागे भिंतीला काचांची चळत उभी! काका स्वतः जन्मभर गिऱ्हाइकांना 'उद्या या' सांगत आलेले, त्यांना थाप कळत नव्हती असं थोडंच आहे? पण शेजारी म्हणून ते मान हलवून परत जायचे.

आज मात्र पळवाट नव्हती. उद्या सकाळी काका दुसऱ्या शहरात, पुतणीकडे कायमचे राहायला निघाले होते.

गोष्ट ती अकरा वर्षांची असतानाची. बाबांचं हेच फ्रेमचं दुकान. एक गिऱ्हाईक चित्रं फ्रेम करून घेऊन गेलं आणि पेस्टलच्या कोरड्या खडूंचा डबा विसरून गेलं. बाबांनी तो वर्षभर सांभाळला. माणूस काही फिरकला नाही, तेव्हा डबा पोरीच्या हाती आला. शिकवायला कोणी नव्हतं. घरात कोणाला धड कपबशी काढता येत नव्हती. बाबा तर म्हणायचे, "मला रेघ मारायची म्हटलं तरी पट्टी लागते." माउंटबोर्डाचे, म्हणजे फ्रेममध्ये घालायच्या जाड पुठ्ठ्याचे, उरलेले तुकडे तेवढे भरपूर असायचे. त्यांच्या खरखरीत पाठीवर खडू छान धरायचा. ती आपली दुकानाच्या कोपऱ्यात काढत बसायची. फक्त जनावरं. माणसं हलतात आणि वर नाकं मुरडतात, असं तिचं स्पष्ट मत होतं.

पहिली दोन-तीन डझन चित्रं भयंकर होती. मांजरी उशांसारख्या, बकऱ्या कुत्र्यांसारख्या, आणि कुत्रे कशासारखे ते न विचारलेलं बरं. मग तिचं तिलाच सापडलं, की आधी हात फिरवायचा, मग काढायचं. कपाळावरचे केस कुठून निघतात, कुठे वळतात, ते तळव्याला कळलं की बोटं तशी चालायची. प्रत्येक केस मुळाकडून टोकाकडे. डोळ्यातला पांढरा ठिपका अगदी शेवटी. तो पडला की पुठ्ठ्यावरचं जनावर बघायला लागायचं, आणि दर वेळी तिच्याच अंगावर काटा यायचा. दिवसभर रंगाच्या भुकटीत माखलेली असायची म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं धुळाक्का.

हवालदार हा शेजारच्या शिंपीकाकांचा कुत्रा. खरं तर काकूंचा. काकू गेल्या आणि कुत्रा उंबऱ्यात बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेतल्यासारखा बघायचा, म्हणून हवालदार. डावा कान अर्धा उभा, टोकाशी दुमडलेला. धुळाक्काने त्याला चार दिवस कुरवाळलं आणि पाचव्या दिवशी काढलं. चित्र बाबांनी उजेडात नेऊन बघितलं. मग दुकानातली सगळ्यात चांगली काच त्यांनी कापायला घेतली. बाबा डावखुरे. कटर, हातोडी, पक्कड, सगळं टेबलाच्या डाव्या अंगाला टांगलेलं असायचं.

"बाबा, काच टेकली तर रंग तिला चिकटेल."

"तू चित्र सांभाळ, काच माझ्यावर सोड," बाबा म्हणाले.

आयुष्यभर त्यांनी फोटो आणि प्रमाणपत्रं फ्रेम केलेली. काच कशी घट्ट बसली पाहिजे! त्यांनी घट्ट बसवली. दहा दिवसांनी हवालदार गेला. त्याचा एकही फोटो कोणी काढलेला नव्हता. काकांकडे उरली ती ही एवढी फ्रेम.

दोन महिन्यांनी तिने काढलेल्या एका मांजरीच्या चित्राच्या फ्रेमची पट्टी बदलायची होती. बाबांनी काच उचलली, आणि मांजरीचं अर्धं तोंड काचेबरोबर वर आलं. बाबा काच हातात धरून उभेच राहिले. "तू सांगत होतीस," एवढंच म्हणाले. बाप चुकू शकतो हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. मग दोघांना एकदमच हवालदार आठवला. ती रडायला लागली.

"रडू नको. काच काढलीच नाही तर काय होणार आहे?" बाबा म्हणाले. "आपण काढायचीच नाही."

त्याच सुमारास घरात एक महाभारत झालं. तिच्या डब्यातला तपकिरी खडू, चांगला बोटभर होता, तो एका दिवसात नखाएवढा उरला. धाकट्या भावावाचून हे कोण करणार? तिने घर डोक्यावर घेतलं. भाऊ शपथांवर शपथा घेत राहिला आणि आईने त्याला दोन धपाटे घातले. वर संध्याकाळी बाबांनी काही कारण नसताना त्याला नवाकोरा चेंडू आणून दिला! चोरी करणाऱ्याला बक्षीस. हा अन्याय तिने कित्येक वर्षं मनात धरला होता.

काका मात्र चित्रावर बेहद्द खूश. कोणी कपडे शिवायला आलं की त्यांचं बोट भिंतीकडे. "बाकीचा कुत्रा राहू दे, तो डावा कान बघा. आमची ही आतून नुसती बोलली तरी त्याचा कान अस्सा व्हायचा. या पोरीच्या हाताला हे कळलं कसं?" ती फुलून जायची. फ्रेम उंचावर, काचेवर समोरच्या दाराचा उजेड, त्यामुळे कान नीट दिसायचाही नाही. पण कौतुक चालू असताना चित्र कोण निरखतं? बाबा तिथे असले की खिशातून फडकं काढायचे आणि स्टुलावर चढून काच पुसायला लागायचे.

आज तीच फ्रेम तिच्या टेबलावर होती. तिने काकांना खुर्ची दिली आणि एकदाचं सांगून टाकलं.

"काका, तेव्हा चूक झाली आमची. काच चित्राला टेकलीय. आता काढली तर हवालदाराचा अर्धा चेहरा तिच्याबरोबर येईल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणून हवा दमट होती होय इतकी वर्षं?"

ती खाली बघत म्हणाली, "हो."

"आणि नाही काढली तर?"

"प्रवासात तुकडे हलतील. चेहरा खरवडून निघेल."

"मग काढ," काका म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

तिने फ्रेम पालथी घातली. पक्कडीने बारीक चुका उपटल्या. मागचा पुठ्ठा काढला. चित्र काचेसकट बाहेर काढून सुलटं केलं. तिने श्वास धरून काच उचलली. काच अलगद सुटली, स्वच्छ. तिच्यावर रंगाचा कण नव्हता.

चित्राच्या चारही कडांना माउंटबोर्डाच्या बारीक पट्ट्या होत्या, फ्रेमच्या खाचेत अशा लपवलेल्या की बाहेरून दिसू नयेत. त्यांनी काच चित्रापासून वर धरली होती. पट्ट्यांचा काप डाव्या हाताचा होता. म्हणजे बाबांनी ही काच एकदा काढली होती. मग तिला आठवलं: मांजरीनंतर एकदा, हूक सैल झालाय म्हणून, बाबांनी ही फ्रेम सकाळी दुकानात आणली होती आणि ती शाळेतून यायच्या आत परत टांगली होती.

तिने दिवा जवळ ओढला. कपाळ, नाक, डोळे, सगळं तिचं होतं. डावा कान तिचा नव्हता. त्यावरचे केस टोकाकडून मुळाकडे निघाले होते. रेघा आखूड, सरळ, एका बाजूला कललेल्या. एके ठिकाणी खडू इतका दाबलेला की पुठ्ठ्याला खळगा पडला होता. कान काचेबरोबर गेला होता, आणि पट्टीशिवाय रेघ न मारता येणाऱ्या माणसाने एकट्याने बसून तो परत काढला होता, बोटभर खडू संपेपर्यंत.

"कान आहे ना गं?" काकांनी न वळता विचारलं.

"आहे." तिने दिवा आणखी जवळ घेतला. "पण तो मी काढलेला नाही, काका. बाबांनी काढलाय."

काका उठून आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कान अगदी जवळून पाहिला. "काय सांगतेस!" मग हळूच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच माणसाला शाबासकी दिली."

"नाही हो. ते तिथेच असायचे ना," ती म्हणाली, "काच पुसत."

काकांनी चष्मा खाली ओढला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

खणात तो डबा अजून होता. नखाएवढा तपकिरी तुकडाही होता. कान नीट करायचा तर पाच मिनिटांचं काम. तिने तुकडा क्षणभर बोटात धरला, डब्यात ठेवला आणि खण बंद केला. मग नवी काच कापली, पट्ट्या होत्या तशा बसवल्या आणि फ्रेम चादरीत बांधून काकांच्या हातात दिली. कोपऱ्यावर वळेपर्यंत ती त्यांच्याकडे बघत होती.

मग तिने भावाला फोन लावला.

"बोल ताई."

"तो तपकिरी खडू तू घेतला नव्हतास."

"चाळीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय? आज कसं पटलं?"

तिने सगळं सांगितलं. पट्ट्यांचं, कानाचं, रेघांचं. 

"म्हणजे तो चेंडू..." भाऊ म्हणाला.

"हो."

"अगं, मी तो दुसऱ्याच दिवशी हरवला होता," तो म्हणाला. "आणि बाबा मला एका शब्दाने बोलले नव्हते."