न आलेला झटका

वहिनी पाणी प्यायची ते दिसायच्या आधी ऐकू यायचं. तांब्या तोंडापासून वीतभर उंच धरायचा, मान मागे टाकायची आणि वरून एकसंध धार घशात सोडायची. भांडं ओठांना लागत नसे, थेंब खाली सांडत नसे, कानावर यायचा तो फक्त घशातला तृप्त नाद. महाडच्या आमच्या घराचं स्वयंपाकघर तसं अंधारं. मागच्या दारातून उन्हाचा एक पट्टा तेवढा आत यायचा, आणि वहिनी नेमकी त्या पट्ट्यात उभी राहून पाणी प्यायची. त्या उजेडात पाण्याची धार वितळलेल्या काचेसारखी लखलखायची. ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा आई म्हणाली होती, "ही मुलगी पाणी पिते की विहीर उपसते?" वहिनी मोकळेपणी हसली आणि तिनं आणखी एक तांब्या रिचवला.

ती पोलादपूरची. घाटावरून धावत उतरणारी सावित्री जिथे पहिल्यांदा जरा दम खाते, तिथल्या डोहात पोहायला शिकलेली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. मला वडिलांनी आणि नदीनं वाढवलं, असं ती म्हणायची. उंच, सावळी, चालताना हात सैल सोडणारी, बोलताना दुसऱ्याच्या खांद्यावर थाप मारणारी. आमचं घर मात्र जपून बोलणाऱ्यांचं, दुधावरही झाकण आणि झाकणावरही वरवंटा ठेवणाऱ्यांचं. अशा घरात ती आली आणि दारं-खिडक्या आपोआप उघड्या राहू लागल्या. दादा तर तिच्या तोंडाकडे बघत जेवायचा, आणि मी, त्याची धाकटी बहीण, कॉलेजातून आले की आधी तिलाच शोधायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. ऐन वैशाखात तिला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माहेरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून आईनं ते हौसेनं आपल्या अंगावर घेतलं. हौस म्हणजे काय, तिनं सगळं शास्त्र उभं केलं. अंधारी खोली, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, वहिनीच्या कानाला घट्ट रुमाल, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू. आणि पाणी बेतानं. बाळंतिणीनं पाणी प्यायलं की पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होते, हे आईला तिच्या आईनं सांगितलं होतं, आणि त्या आईला तिच्या आईनं. बडीशेप घालून उकळलेल्या पाण्याचे मोजके घोट वाटीतून मिळायचे. विहीर उपसणारी आमची वहिनी ती वाटी दोन्ही हातांत धरून चाटूनपुसून प्यायची आणि हसून म्हणायची, "आई, अजून एक द्या ना." आई तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणायची, "नको गो बाय, जरा कळ काढ." तो हात खरोखरच मायेचा होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. वारं बाधलं असेल म्हणून खिडकीच्या फटीसुद्धा बुजवल्या. एका दुपारी, बाळ कुशीत असतानाच, तिचे डोळे वर फिरले, उजवा हात ताठ झाला आणि सारी खाट थरथरू लागली. कुणी नाकाला कांदा फोडून लावला, कुणी मुठीत लोखंडी किल्ली कोंबली. झटका थांबला, पण तिला धड शुद्ध येईना. दादानं गाडी करून तिला तसंच मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढून निदान केलं: मेंदूतलं रक्त परत वाहून नेणारी एक शीर गुठळीनं बंद झाली होती. बाळंतपणात रक्त मुळातच लवकर साकळतं, त्यात अंगात पाणी नाही. दादानं हे फोनवर सांगितलं तेव्हा आई रिसीव्हर धरून तशीच उभी राहिली. फोन केव्हाच बंद झाला होता.

वहिनी बरी होऊन घरी आली, चालत आली, हसत आली. पण तिच्या पाठोपाठ एक प्रश्नही उंबरा ओलांडून घरात आला. झटका परत येईल का? गुठळी विरघळेल, पण तिनं मेंदूवर ठेवलेला व्रण पुढे मिरगी होऊन बसेल का? आमचे महाडचे डॉक्टर म्हणजे पावसाळ्यात अंगाला चिकटणाऱ्या शर्टासारखे जवळचे. त्यांच्या बाजारपेठेतल्या दवाखान्याच्या भिंतीवर जुन्या पुराची तपकिरी रेघ अजून होती. त्यांनी त्या रेघेकडे बोट दाखवून आईला विचारलं, "पूर येणार हे आपल्याला कसं कळतं हो?"

आई म्हणाली, "वर पोलादपुराकडे धो धो पाऊस हवा, आणि त्याच वेळेला खाली खाडीला भरती हवी."

"बरोबर. नुसता पाऊस असला तर नदी फुगते आणि ओसरते. आता हिचं बघा. गुठळी झाली तेव्हाच झटका आला, आणि फोटोत थोडा रक्तस्राव दिसला. हा झाला वरचा पाऊस, तो मी नाकारत नाही. पण झटका एकदाच आला, लवकर थांबला, हातापायांत ताकद पूर्ण आहे, बंद झालेली शीर मोकळी होतेय. म्हणजे खाली ओहोटी आहे. पूर येणारच असं मी म्हणणार नाही, येणारच नाही असंही नाही. पहिलं वर्ष जपा. ते कोरडं गेलं तर भीती कमी कमी होत जाईल. गोळी चुकवायची नाही, जागरण नाही. पाण्याजवळ, विस्तवाजवळ कुणीतरी सोबत असू द्या. आणि परत झटका आलाच तर कांदा-किल्ली काही नको. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि मला बोलवा."

वहिनीनं एकच विचारलं, "आणि पाणी?"

"हवं तेवढं प्या."

डॉक्टरांच्या टेबलावर स्टीलचा जग होता. तिनं तो उचलला, मान मागे टाकली, आणि त्या दवाखान्यात, चार पेशंटांच्या देखत, वरून धार सोडली. आई भिंतीवरच्या रेघेकडे बघत राहिली.

पण घाबरलेलं माणूस ऐकतं ते अर्धंच. पाण्याजवळ सोबत असू द्या, या वाक्यातली सोबत आईच्या कानांतून निसटली आणि पाणी तेवढं राहिलं. वहिनीनं विहिरीवर जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, आणि बाळाला न्हाऊ घालायचं तर नावच काढायचं नाही. त्यात पोलादपूरच्या पलीकडच्या गावाहून आमची आत्या बघायला आली आणि पदर तोंडाला लावून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "फीट येनाऱ्या बाईच्या हातात पोर देतात काय गो? मी तर नाय देनार. येक डाव निसटला तर हाय का परत?" वहिनी तेव्हा दारातच उभी होती. तिनं आत्यासाठी आणलेला चहा खाली ठेवला आणि कपातला चहा जराही हिंदकळला नाही.

रोज सकाळी न्हाणीघरात आई पाटावर बसायची, पाय लांब करायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची आणि तेल चोळायची. वहिनी उंबऱ्याबाहेर, हातात पंचा घेऊन. वाफेत बाळाचं रडणं विरघळायचं, आईचं गुणगुणणं त्यावर तरंगायचं, आणि वहिनीची बोटं पंच्यावर नकळत हलायची. आईनं डॉक्टरांचं न जुमानता कमरेला किल्ल्यांचा जुडगा कायमचा खोचला होता; झटका आलाच तर लोखंड हाताशी हवं. वहिनी अंगणात गेली की किल्ल्या अंगणात वाजायच्या, वहिनी माळ्यावर चढली की किल्ल्या जिन्याशी वाजायच्या. त्या वर्षी आमच्या घराचे ऋतू मी त्या आवाजानं ओळखले: आषाढात ओलसर, दबका; गणपतीत आरतीच्या झांजांत मिसळलेला; आणि भात कापणीच्या कोरड्या हवेत दूरवर जाणारा खणखणीत.

रडत बसली असती तर ती आमची वहिनी कसली! एक दिवस तिनं स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला. बारशाला ह्याच वरवंट्याला कुंची घालून बाळाबरोबर पाळण्याभोवती मिरवलं होतं. न्हाणीघराबाहेर भर अंगणात ती पाटावर बसली, पाय लांब केले, वरवंटा नडग्यांवर ठेवला आणि त्याला तेल लावू लागली. कोपराच्या टोकानं पाण्याचा अंदाज घेतला, कपाळावर आडवा हात धरून डोळ्यांत पाणी जाऊ न देता त्याला न्हाऊ घातलं, पंच्यात गुंडाळून टिपलं, पावडर लावली. शेजारणी कुंपणाशी जमल्या. एकीनं विचारलं, "काय गो हे?"

"माझा थोरला," वहिनी म्हणाली. "हा पडला तरी फुटत नाही. आईंना चालतो."

शेजारणी खो खो हसल्या. आईलाही हसू फुटलं आणि ते लपवायला ती आत गेली, पण आतून नाक ओढल्याचा आवाज आला. त्यानंतर रोज सकाळी आत बाळाची आणि बाहेर वरवंट्याची अंघोळ एकाच वेळी चालायची. तो दगड इतका तुकतुकीत झाला की त्यावर चटणी वाटायला नको वाटे. गंमत करताना तिचे डोळे हसत नसत. एकदा मला म्हणाली, "हात विसरतील ना गं. म्हणून."

वर्ष कोरडं गेलं. वैशाख पुन्हा आला. मुंबईच्या डॉक्टरांनी दुसरा फोटो पाहून समाधान दाखवलं, गोळ्या हळूहळू उतरवल्या, आणि पावसाळा संपता संपता शेवटची गोळीही बंद झाली. तेव्हा तर आम्ही श्वास रोखूनच होतो. जणू बांधाची फळी काढली होती आणि पलीकडे पाणी आहे की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वहिनी तेवढी निवांत. पुन्हा शिमगा आला, होळीच्या धगीत तिचा चेहरा तांब्यासारखा उजळला, आणि झटका आला नाही. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बोलता बोलता वहिनीनं न्हाणीघराची हकीकत सांगितली. डॉक्टर चष्मा काढून आईकडे वळले. "अहो, मी शेजारी बसा म्हणालो होतो. काढून घ्या नव्हतो म्हणालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंबातलं पाणी तापलं तशी आईनं न्हाणीघरात पाट मांडला, तेलाची वाटी ठेवली, नातवाला आणून वहिनीपुढे उभं केलं आणि म्हणाली, "घे गो. तुझा आहे."

तो केव्हाच पायांवर मावेनासा झाला होता. तरी वहिनीनं त्याला आडवं घातलंच. त्याचे पाय पाटाबाहेर लोंबले, त्यानं लाथेनं घंगाळ कलंडवलं, तेल भिंतीवर उडालं, आणि आमचं सारं न्हाणीघर आरडाओरडा, वाफ आणि हसण्यानं भरून गेलं. वहिनी नखशिखान्त भिजली होती. हसता हसता ती रडत होती आणि रडता रडता त्याच्या कपाळावर आडवा हात धरत होती, अगदी बरोबर, जसा वरवंट्याच्या कपाळावर धरायची तसाच. आई दारात उभी होती. तिनं कमरेचा जुडगा काढला आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवला. त्या दिवसापासून घर एकदम शांत वाटू लागलं, आणि त्या शांततेची सवय व्हायला आम्हाला बरेच दिवस लागले.

काही वर्षांनी माझं बाळंतपण त्याच घरात झालं. पहाटेच्या उजेडात मी डोळे उघडले तेव्हा उशाशी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या होता. तो वहिनीनं भरला असेल असं मला वाटलं. पण भरला होता आईनं. "पी पोटभर," ती म्हणाली, "आणि कुणी काही सांगितलं तर माझं नाव सांग." खिडक्या सताड उघड्या होत्या. न्हाणीघरात वहिनी पाटावर बसली होती, पाय लांब करून, आणि माझी लेक तिच्या नडग्यांवर नेमकी मावली होती. इतकं लहान बाळ तिच्या पायांवर पहिल्यांदाच आलं होतं. आपला मुलगा तिला त्या वयाचा कधी न्हाऊ घालता आला नाही, तो काळ कुणी परत देणार नव्हतं. पण तिचे हात काही विसरले नव्हते.

आई आता नाही. किल्ल्या वहिनीच्या कमरेला असतात आणि त्या आता नुसती कुलपं उघडतात. घरात येऊन गेलेल्यांच्या आठवणी सगळेच ठेवतात. आमच्या घरानं मात्र एका न आलेल्याची आठवण जिवापाड जपली आहे, आणि मागच्या दाराच्या उन्हात उभी राहून वहिनी तांब्या उंच धरते तेव्हा सरून गेलेला सारा काळ त्या एका धारेतून, थेंबही न सांडता, परत येतो.