फिरत्या फाटकातून किसनराव

फलक: जुना रेल्वेमार्ग निसर्गपथ. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी.

पिंपळगाव राजा गावाच्या अलीकडून कापसाच्या जिनिंगची मालगाडी जायची, तो हा मार्ग. रूळ उचलून नेले. मग मुरूम पडला, कडुनिंब लागले, बाक आले. नाल्यावरचा पूल तेवढा जुनाच राहिला. पुलापलीकडे भीमनगरची स्मशानभूमी. नाल्याला अजून छातीभर पाणी, म्हणजे वाट पुलावरूनच.

सकाळी किसनराव त्या वाटेने निघाले. पांढऱ्या कापडात, चार खांद्यांवर. पुढे मुलगा अश्वजित. मागे मुलगी समता, तिने हट्टाने खांदा घेतला होता. त्रिसरण म्हणत सगळे पुलाच्या तोंडाशी आले आणि

थांबले.

फाटक. लोखंडी नळ्यांचं, दीड पुरुष उंच, नागमोडी. एकाने शिरायचं, जागच्या जागी फिरून वळायचं, बाहेर पडायचं. गुरं येत नाहीत. मोटरसायकल येत नाही.

तिरडी वळत नाही.

फाटक नवंच होतं. बसवल्यापासून भीमनगरात कोणी मेलं नव्हतं.

शेजारी टँकरसाठी मोठं फाटक होतं, कुलूपबंद. चावी निसर्गपथ समितीचे अध्यक्ष पंजाबराव पाटलांकडे. आणि पंजाबराव आतच होते, पांढऱ्या बुटांत, फेरी मारत.

"पंजाबभाऊ, कुलूप काढा."

"काऊन बे अश्वजित? फिरतं फाटक पाह्यजे, असं मीटिंगमंदी कोन बोंबलत होतं? पाटलाची ढोरं आमची झाडं खातात म्हने!"

"मीच. पण बाबा..."

"आज तुले खोललं, उद्या बैलगाड्या येतीन."

"मंग तुमच्या वावरातून जातो, बंधाऱ्यावरून नाला पार करतो."

"कापूस फुटला हाय माह्या पऱ्हाटीले. पाय ठेवून तं पाह्य."

"तोडू फाटक, दादा," समता म्हणाली.

पंजाबरावांनी मोबाइल काढून तिच्यावर रोखला. "तोड न. इकडे तोंड करून तोड." मग मायेने म्हणाले, "बाप उभा नेला तं माही मनाई नाही."

फलक: शांतता राखा. पक्षी घरटी करत आहेत.

दोर सोडले. किसनराव लाकडासारखे ताठ झाले होते. उभे केले, तर उभे राहिले. अश्वजितने समोरून कवेत घेतलं, समताने पाठीमागून रेटलं. हार नळीत अडकून तुटला. आत शिरले, पण वळेनात.

पलीकडून ट्रॅकसूटमधली एक बाई आली, कानात गाणी. "एकेक जण या ना हो," म्हणाली. मग तिने चेहरा पाहिला.

"गुडघा मोडा लागते त्याचा," पंजाबरावांनी सुचवलं. आवाजात खरीखुरी मदत होती.

अश्वजित खाली बसला. बापाचा गुडघा त्याने दोन्ही हातांनी धरला. समताने डोळे मिटले नाहीत.

आवाज फार मोठा नव्हता.

रिकामी तिरडी हलकी, ती वरून पलीकडे दिली. पुलावर किसनरावांना पुन्हा आडवं केलं. पाय काही सरळ होईना. कापड कितीही ओढलं तरी गुडघा वर येत होता. अश्वजित ओढत राहिला, दाबत राहिला.

"राहू दे, दादा," समता म्हणाली. "उचल."