होळीची ऊब

त्र्याऐंशी साली मुंबईच्या डॉक्टरानं ऑपरेशन करून आमच्या मालकांचं पोट लहान केलं. घरी आले ते निम्मेच. वजन गेलं ते गेलं, जाताना अंगातली ऊबबी घेऊन गेलं. उद्यमबागेतल्या कारखान्यात लोखंडाच्या भट्टीवर सगळी घामानं चिंब, आणि हे स्वेटर घालून भट्टीला चिकटलेले. भर उन्हात कानटोपी! आमच्या गावात, अनगोळात, तोंड दाखवायची मला लाज वाटायची.

शिमग्याला होळी पेटली. बोंबा मारून, नारळ वाहून सगळी घरी गेली. हे मात्र घोंगडं पांघरून तिथंच बसले.

"जरा शेकतो गं," म्हणाले.

"शेका," म्हटलं, आणि घरी येऊन झोपले.

सकाळी होळी विझवायला आम्ही बायका रीतीप्रमाणं घागरी घेऊन गेलो. राखेचा ढीग यंदा लई मोठा दिसला. पहिली घागर मीच ओतली.

ढीग ताडकन उठला आणि असा बोंबलला, की शेजारची बाळाबाई कळशी टाकून पळाली. लांबनं ओरडली, "अगं, मष्णूआण्णा हाय त्यो!"

व्हय, तेच. निम्मा नवरा मुंबईत राहिला असंल, पण आवाज सगळाच्या सगळा घरी आलाय.