भुशाचा ट्रे

माझ्या घराला वास येतो, हे मला लोकांच्या तोंडांवरून कळलं. मला स्वतःला काही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला आणि जाताना माझं नाकच घेऊन गेला. तेव्हा हे होते. दूध करपलं, मांजरीचा ट्रे भरला, की आतून हाक मारायचे. सुतार होते. ट्रेमध्ये कारखान्यातला भुसा तेच आणून घालायचे, तेच बदलायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले, आणि माझं दुसरं नाकही गेलं.

मी कपडे शिवते. पूर्वी गिऱ्हाइकं मापं द्यायला यायची आणि तासभर बसून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. आता दारातूनच पिशवी पुढे करतात. शेजारीण तर "गॅसवर भाजी आहे" म्हणून पळते. सकाळी आली तरी भाजी, संध्याकाळी आली तरी भाजी. अहो, एकदा तोंडावर म्हणा की, बाई, तुझ्या घरात घाण येते! पण नाही. सगळे सभ्य. या सभ्यपणानेच मला वाळीत टाकलं. दिवसच्या दिवस मशीनच्या आवाजाशिवाय घरात आवाज नसायचा.

मग मीच कंबर कसली. यांनी आणून ठेवलेला उरलासुरला भुसा टाकून देऊन दुकानातून फुलांच्या वासाची महागडी वाळू आणली. ट्रे रोज उपसला, गरम पाण्याने घासला, खिडक्या सताड उघड्या टाकल्या. हळूहळू वाळूत ओले गोळे निघेनासे झाले. मी खूश, म्हटलं, याला म्हणतात स्वच्छता! तरी लोक दारातच.

परवा वन्सं आल्या, यांच्या थोरल्या बहीण. जिभेला हाड नाही, म्हणून हे गेल्यावर मी त्यांना कधी बोलावलंच नव्हतं. त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं, काय हे! मांजरीच्या मुतात राहतेस की काय?"

मला रडूच फुटलं. इतक्या महिन्यांत माझ्याशी कुणीतरी खरं बोललं होतं.

"बोला वन्सं, अजून बोला. कुठून येतोय?"

वन्संनी खोलीखोलीत हुंगत फेरी मारली. ट्रेपाशी नाक मुरडलं. "इथे नुसतं अत्तराचं दुकान." कापड बेतायच्या टेबलाखाली मात्र त्या वाकल्या आणि चिंध्यांची टोपली ओढली. त्यात यांचा स्वेटर होता. हे गेल्यावर मी तो न धुता नाकाशी धरला होता. काहीच आलं नाही, नुसती लोकर टोचली. तेव्हा तिथे ठेवला, तो परत हात लावायचा धीर झाला नाही. आता तो ओला होता.

"त्याचा ना हा?"

मी मान डोलावली. नाकावर माशी बसू न देणाऱ्या वन्संनी तो स्वेटर चक्क नाकाशी नेला. बराच वेळ धरला.

"मुताच्या खाली भुसा आहे," त्या म्हणाल्या. "विणीत अडकलाय. तिला तुझी फुलं नकोत गं, तिला भुसा हवा होता. तो एवढाच उरला होता घरात."

मला मांजरीचा हेवा वाटला. खरंच वाटला. आपला माणूस याच घरात होता, तिला सापडला आणि मला नाही.

स्वेटर वन्संनीच धुतला. माझे हात पुढे होईनात. मग दोघी यांच्या कारखान्यात गेलो. तिथल्या जुन्या मिस्त्रीने साध्या लाकडाचा कोरडा भुसा पोतंभर दिला. ट्रे भरून ठेवला मात्र, मांजरीने कडेकडेने हुंगलं, आत शिरली आणि पंजांनी इतका उकरला की अर्धा भुसा जमिनीवर.

संध्याकाळी टेबलाखालची फरशी घासून झाली, घरात वारा खेळला, तेव्हा मी म्हटलं, "वन्सं, जरा बाहेर जाऊन परत आत या. खरं सांगा, काय वास येतो?"

त्या गेल्या, दार ओढलं आणि पुन्हा आत आल्या. दारातच डोळे मिटून त्यांनी हुंगलं.

"तो कामावरून घरी आलाय, असा," त्या म्हणाल्या.

मी छातीभर श्वास घेतला. काहीच आलं नाही.

त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "पुन्हा सांगा."