खंडेनवमीचं तेल

मी बिडाचा, ओतीव लोखंडाचा आहे, त्यामुळे सावकाश सांगेन. घाई मला कधी जमली नाही.

काडतुसं भरायचा जुना हँडप्रेस मी. रायफलमधून गोळी उडाली की मागे पितळेची रिकामी नळी उरते. नेमबाज ती उचलून आणतात आणि माझ्यासारख्याकडून पुन्हा भरून घेतात. हँडल खाली ओढलं की माझा दट्ट्या वर जातो आणि नळी मापात येते. मग साचा बदलायचा, मग पुन्हा ओढायचं. एका ओढीत एकच काम. दहा काडतुसांना एक दुपार लागते. ज्याला दुपार द्यायची नाही, त्याने माझ्याकडे येऊ नये.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका ओतशाळेतला, साठेक वर्षांपूर्वीचा. पहिला मालक जनावरांचा डॉक्टर. तो हरणांच्या मागे जायचा आणि बहुतेक वेळा रिकामा यायचा. तो गेल्यावर मी एका गोठ्यात पोत्याखाली पडून होतो. किती वर्षं, ते कोंबड्यांना ठाऊक. त्या माझ्यावर बसायच्या.

तिथून मला फिंटनने उचललं. फिंटन म्हणजे निवृत्त पोस्टमन, आता अठ्ठ्याहत्तरचा. इथे आयर्लंडमध्ये आपल्या घरी काडतुसं भरत बसता येत नाही. म्हणून त्याने मला टॅला गावाच्या वर, डोंगरातल्या त्याच्या नेमबाजी क्लबात नेलं आणि परवान्याच्या खोलीत टेबलाला चार बोल्ट मारून बसवलं. पुढे शेजारी एक निळा प्रेस आला. त्याला फिरती ताटली आहे, दर ओढीला एक तयार काडतूस टाकतो. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. चालताना आवाज फार करतो, एवढंच.

माझा दट्ट्या मात्र झिजला होता. भोकात खुळखुळायचा. गोळी नळीत किंचित तिरकी बसायची आणि फिंटनचे नेम कागदभर पसरायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचे डोळे गेले.

ऑगस्टमध्ये क्लबची सेक्रेटरी ऑर्ला त्याला म्हणाली, "टेबलावर जागा नाही, फिंटन. ऑक्टोबरच्या मॅचपर्यंत थांबते. तोवर नेम सुधारला तर ठीक. नाहीतर हा भंगारात जाईल, आणि तूही काडतुसं भरणं थांबव. काहीतरी विसरशील आणि हात घालवून बसशील."

"ग्रँड," फिंटन म्हणाला. इथली माणसं कशालाही ग्रँड म्हणतात. त्यानंतर तो बराच वेळ माझ्या हँडलवर हात ठेवून बसला होता.

त्याच महिन्यात मुरलीधर आले. त्यांचा मुलगा सुश्रुत सिटीवेस्टला राहतो, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि या क्लबचा मेंबर. मुरलीधर तीन महिन्यांसाठी कोल्हापूरहून आले होते. शाळा चौथीपर्यंत, लेथ मात्र चाळीस वर्षं, उद्यमनगरात. त्यांना क्लबात आणायचं कारण सुश्रुतच्या बायकोने, कौमुदीने दिलं होतं.

"बाबांना कुठेतरी ने ना रे. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालंय. आता शेजाऱ्यांच्या गेटकडे बघतायत."

निळ्या प्रेसपाशी मुरलीधर थांबले नाहीत. माझ्यापाशी आले, दट्ट्या दोन बोटांत धरून हलवला आणि कान जवळ आणला.

"ह्यो खुळखुळतोय की," ते म्हणाले. "बुश गेलाय ह्याचा. म्हाताऱ्याला इच्चार, लेथ हाय का कुठं?"

"बाबा, त्यांचं नाव फिंटन आहे."

"मग फिंटनला इच्चार की."

फिंटनच्या गॅरेजात लेथ होता. माझे बोल्ट काढून मलाही तिथे नेलं. पुढचे सहा आठवडे दोघे म्हातारे तिथे असायचे. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला इंग्रजी. काही अडलं नाही. माप दोघांना वाचता यायचं. मुरलीधरांनी दट्ट्याभोवती बसणारा गनमेटलचा बुश कातला, दोनदा फेकून दिला, तिसरा बसवला. नळ्यांच्या बुडातून निघणाऱ्या ठिणगीच्या जुन्या टोप्या खाली सांडायच्या, त्यांना रबरी नळी लावून मुरंब्याच्या बाटलीत सोडलं. हँडलची मूठ फुटली होती. फिंटनने तरुणपणी हर्लिंग हा इथला काठी-चेंडूचा खेळ खेळताना मोडलेली आपली काठी आणली. मुरलीधरांनी तिच्यातून नवी मूठ कातली.

दट्ट्या हलवून बघितला. हलला नाही.

"ग्रँड," मुरलीधर म्हणाले.

"बस," फिंटन म्हणाला. एवढी देवाणघेवाण झाली होती.

मॅच शनिवारी होती, आणि मी क्लबात टेबलावर परत आलो होतो. बुधवारी फिंटन काडतुसं भरायला आला, तर खोलीच्या दारात मुरलीधर उभे. त्या दिवशी खंडेनवमी होती. त्यांनी मला पुसून लख्ख केलं होतं, हळदकुंकू लावलं होतं. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती वाहिली होती. शेजारच्या निळ्यालाही एक फूल होतं. मोठेपणा दाखवायचा दिवस असतो तो.

"आज मशीनला सुट्टी," मुरलीधर सुश्रुतला म्हणाले. "हात लावायचा न्हाई. सांग त्यास्नी."

सुश्रुतने सांगितलं. फिंटनने विचारलं की हा कुठल्या संताचा दिवस.

"संत नाही. हत्याराचाच दिवस आहे," सुश्रुत म्हणाला.

फिंटनने डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि दिलेला पेढा उभ्यानेच खाल्ला.

आता तेलाचं सांगतो. उद्यमनगरात नवमीला मशीनला तेल पाजतात. जिथे सांधा तिथे तेल, जिथे भोक तिथे तेल. मुरलीधरांनी तसंच केलं. काडतुसाच्या बुडात नखाएवढी एक टोपी बसते, पिन आपटली की तीच ठिणगी टाकते. ती बसवताना ठेवायला माझ्या अंगाला एक इवलीशी वाटी आहे. मुरलीधरांना ती तेलाचीच वाटी वाटली. त्यांनी ती काठोकाठ भरली, वरून पुसली आणि मला नमस्कार केला.

टोपीला तेल लागलं की ती मरते. हे मला माहीत होतं. पण मला तोंड नाही.

शुक्रवारी फिंटनने दहा काडतुसं भरली. चष्मा वर, चष्मा खाली, दारूचं एकेक माप तोलून, एकेक गोळी बसवून. वाटीत उरलेला ओलावा त्याला दिसला नाही. इतकी सरळ गोळी माझ्या हातून कधी बसली नव्हती, आणि मी अभिमान बाळगायच्या स्थितीत नव्हतो.

शनिवारचं मी ऐकलं, कारण मॅचनंतर सगळे माझ्याच खोलीत आले. दहापैकी सहा उडाली. चार वेळा नुसता टिक आवाज झाला. दर वेळी बंदुकीची नळी समोर धरून थांबायचं, वाट बघायची, मग काडतूस काढायचं. न उडालेल्याला शून्य. फिंटन शेवटून दुसरा आला. शेवटचा होता तो उशिरा पोचला होता.

"काहीतरी विसरलास, फिंटन," ऑर्ला म्हणाली. आवाज मऊ होता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "आपण बोललो होतो."

फिंटन स्वतःच्या हातांकडे बघत होता. "असेल," तो म्हणाला. "मोजलं होतं मी. पण असेल."

मुरलीधरांना शब्द कळले नाहीत, हात कळले. एक न उडालेलं काडतूस मोकळं करून ट्रेमध्ये ठेवलं होतं. त्यांनी त्याची टोपी उचलली, नाकाशी नेली. मग माझ्या वाटीत करंगळी घातली आणि तीही नाकाशी नेली.

"सुश्रुत. सांग त्यांना, तेल मी घातलं."

"बाबा, राहू द्या ना. कुणाला कळलेलं नाहीये. मी फिंटनला नंतर एकट्याला सांगतो."

"नंतर काय सांगतोस? त्याला आत्ता खुळा ठरवायला लागलेत."

"मला इथे राहायचंय, बाबा. मेंबर आहे मी इथला."

"मग ऱ्हा की. मी कुठं जा म्हनतोय?"

आणि ते स्वतःच ऑर्लापुढे जाऊन उभे राहिले. करंगळी वर धरली. ती चकाकत होती.

"ऑइल," ते म्हणाले. छातीवर हात ठेवला. "मी." मग फिंटनकडे बोट करून मान हलवली. "ही नो. मी."

सुश्रुतने मान खाली घालून एक श्वास घेतला आणि मग सगळं सांगितलं, हळदकुंकवापासून वाटीपर्यंत.

ऑर्लाने टोपीचा वास घेतला. मग फिंटनचा नेमाचा कागद मागवला. सहा भोकं होती. त्यावर तिने आपला चहाचा कप ठेवला. सहाही झाकली गेली. तिने कप उचलला, पुन्हा ठेवला.

"या टेबलावर असं कुणी केलंय यंदा?" तिने विचारलं. निळ्या प्रेसवाल्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

प्रेस राहील, फिंटन भरेल, असं ठरलं. तेलाची बाटली मात्र ऑर्लाच्या कपाटात कुलपात गेली. फिंटन मुरलीधरांपाशी आला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि त्यांची करंगळी पुसून दिली.

मुरलीधर त्याच महिन्याच्या शेवटी कोल्हापूरला गेले. माझ्या डोक्यावर भिंतीला सुश्रुतने एक पाटी लावली आहे: 'येथे तेल घालू नये.' मराठीत आहे. या डोंगरात ती वाचणारा एकटा सुश्रुतच, आणि त्याला ती गरजेची नाही. पण ती काढायचं कुणी नाव काढत नाही.

आता वर्ष होत आलं. मी कोरडा आहे, सरळ आहे, बुश शाबूत आहे. परवा फिंटन आला. सुश्रुतने नवमीची तारीख सांगितली असणार. त्याने माझ्यावर एक पिवळं फूल ठेवलं, निळ्यावर एक ठेवलं, टोपी काढली आणि खुर्ची ओढून बसला. हात लावला नाही. दुपारभर आम्ही काही केलं नाही.

मुरलीधर, तुम्हाला हे कुणी वाचून दाखवलं तर एवढंच सांगतो. तेल मला लागतं. दोन थेंब, खालच्या सांध्यात. वाटी सोडा. पुढच्या नवमीला या.